माजघर, साठ सेकंद

५ डिसेंबर २०२४, गुरुवार

काल रात्री स्वारगेटहून निघालो, पहाटे आंबोली उतरलो. घाटात सगळे झोपले होते. डायरेक्टर तेवढा काचेला नाक लावून धुक्याकडे बघत हळहळत होता. धुकं वर आणि आपलं शूटिंग खाली समुद्राजवळ, हे त्याला कोणीतरी मुद्दाम केल्यासारखं वाटत होतं. सावंतवाडीला एस.टी. बदलली, शिरोड्याच्या अलीकडे उतरलो आणि सामान डोक्यावर घेऊन पोफळीच्या बागेतून चालत आलो.

आम्ही सहा जण. पहिल्या सेमिस्टरपासून कामावरूनच हाका मारतो: डायरेक्टर, कॅमेरा, लाईट, प्रॉडक्शन, आणि मी साऊंड. सहावी नाटकवाली आहे. तिला घरून निघतानाच 'हडळ' हे नाव पडलं. बसमध्ये प्रॉडक्शन ओरडत होता, "हडळीला उलटीची गोळी द्या रे!" पुढच्या सीटवरच्या आजोबांनी वळून बघितलं आणि पिशवी मांडीवर घेतली.

काम असं: दीड मिनिटाचा ट्रेलर, भयपटाचा. भयपट नाही, फक्त ट्रेलर. सिनेमा आहे असं समजून त्याची जाहिरात करायची, ही असाइनमेंट. सर म्हणाले, पूर्वी ही जाहिरात मूळ सिनेमा संपल्यावर दाखवायचे, मागून ओढत येणारी म्हणून ट्रेलर. आमच्या शेपटीला पुढे जनावरच नाही.

घर डायरेक्टरच्या मोठ्या काकांचं. काका गोरेगावला. घर गणपतीत उघडतं, आंबे बरे असले तर मे महिन्यात पंधरा दिवस. बाकी वर्षभर कुलूप, आणि किल्ली शेजारच्या काकींकडे. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. पुढे खळं, खळ्यात तुळस, मग ओटी, मग माजघर. माजघराच्या डावीकडे देवाची खोली, उजवीकडे बिनखिडकीची बाळंतिणीची खोली, मागे स्वयंपाकघर आणि पडवी. बाळंतिणीच्या खोलीत आरसा लावून आम्ही मेकअप रूम केली. अंधार आयता होता.

आल्या आल्या मी घरभर टाळ्या वाजवत फिरले. हे माझं नेहमीचं. ओटीवर काकांनी लादी बसवली आहे. तिथे टाळी वाजवली की परत येते, दगडावर पाणी उडावं तशी. माजघरात अजून शेणाची जमीन आहे. तिथे टाळी जिथल्या तिथे मरते. संवाद माजघरात, पावलं ओटीवर, असं वहीत लिहून टाकलं.

काकींचा आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, उपास. तरी आम्हाला पेज, वर लोणचं. कसला सिनेमा विचारलं. डायरेक्टरने सांगितलं. त्या हसल्या नाहीत, घाबरल्याही नाहीत. म्हणाल्या, "भुताचो सिनेमा? मगे पयलो वेतोबाक सांगून येवा. तेच्या हद्दीत करतास, तेका इचारूक नको?"

ग्रामपंचायतीचं पत्र प्रॉडक्शनने आधीच आणलं होतं. ही दुसरी परमिशन आमच्या यादीत नव्हती.

६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी आरवली. वेतोबा म्हणजे वेताळ, भूतगणांचा राजा. इथे मात्र तो गावचा राखणदार. मूर्ती चांगली पुरुषभर उंचीहून मोठी, उभी. त्याला केळ्यांचा घड लागतो आणि चपला लागतात. चपला म्हणजे देवाच्या मापाच्या, माझी दोन्ही पावलं एकीत मावतील एवढ्या. रात्री तो गावाच्या हद्दीतून फिरतो, त्याने त्या झिजतात, म्हणून नव्या वाहायच्या. आम्ही विद्यार्थी माणसं, चपला परवडण्यासारख्या नव्हत्या. केळी दिली. पुजाऱ्यांनी आमच्या वतीने गाऱ्हाणं घातलं. त्यात आम्ही पुण्याहून आलोय, अमक्या घरात उतरलोय, काय करणार आहोत, किती दिवस, सगळं आलं. प्रॉडक्शन माझ्या कानात म्हणाला, "कॉल शीट वाचतायत." खरंच तसंच होतं.

परतताना मी विचार करत होते, की आम्ही पुण्याहून जी भीती बॅगेत भरून आणली आहे ती इथे विकली जाणार कशी? इथे भुताला पत्ता आहे, हद्द आहे, पायातलं माप आहे. बिनपत्त्याची भीती आमच्याकडे, सोसायटीच्या लिफ्टमध्ये.

दुपारी कॅमेराने सॅम रायमीचा फळीचा प्रयोग केला. 'ईव्हल डेड' (१९८१) करताना त्यांच्याकडे महागडी सामग्री नव्हती, म्हणून कॅमेरा लाकडी फळीवर बसवला आणि दोन्ही टोकं दोघांनी धरून जंगलातून धावले. पडद्यावर न दिसणारं काहीतरी सरपटत येतंय असं वाटतं. रायमीने त्याआधी, १९७८ मध्ये, पैसेवाल्यांना दाखवायला अर्ध्या तासाचा नमुना बनवला होता. डायरेक्टर ही गोष्ट रोज सांगतो, कारण आमचा ट्रेलर हाच त्याचा नमुना आहे अशी त्याची समजूत आहे. आमची फळी पडवीत मिळाली. पोफळीत लाईट आणि कॅमेरा धावले, तिसऱ्या टेकला लाईट पाटात गेला. फळी मात्र त्याने दोन्ही हातांनी वर धरली होती. गुडघा फुटला, कॅमेरा वाचला. शॉट उत्तम आहे. शेवटी आभाळ फिरतं आणि कोणीतरी आई म्हणतं.

संध्याकाळी रूम टोन घेतले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (ही वही सरांना दाखवायची आहे): कोणतीही खोली गप्प नसते. तिचा स्वतःचा एक आवाज असतो. संवादांच्या मधल्या फटी भरायला तोच आवाज लागतो, नाहीतर एडिटमध्ये भोकं पडतात. म्हणून प्रत्येक ठिकाणी सगळ्यांना गप्प बसवून साठ सेकंद 'काहीही नाही' रेकॉर्ड करायचं. सेटवर साऊंडवाल्याचा शब्द चालतो तो दिवसातून एवढाच एक मिनिट.

बाकीचे चहाला गेले होते, मी एकटीच माजघरात. बूम खुंटीला बांधला, कारण भाड्याने आणलेल्या बूमचं लॉक सरकतं. दुकानदाराने पुण्यात दाखवताना नेमकं ते टोक मुठीत धरलं होतं. हेडफोन लावले. समुद्र फार लांब, एकसुरी. कौलांवर काहीतरी खरवडणारं. रातकिडे अजून एकदोनच. चाळिसाव्या सेकंदाला आडणा सरकल्याचा आवाज आला, आणि मग अगदी स्वच्छ, माझ्या मेंदूच्या मधोमध,

"मी इलंय गो."

माझ्या पाठीचं पाणी झालं. वळून बघितलं तर काकी, हातात तेलाची बुधली. अंधारात मी त्यांना दिसले नव्हते. देवाच्या खोलीत गेल्या, दिवा लावला, हात जोडले, आल्या वाटेने परत.

टेक गेला. दुसरा घेतला. पहिला पुसला नाही.

७ डिसेंबर, शनिवार

आज भांडण.

अख्ख्या घराची रात्र रात्री शूट करत नाहीत, निदान आमच्यासारखे तीन एलईडी पॅनेलवाले तरी नाही. सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटं आभाळ निळं राहतं, तेवढ्यात घराचा बाहेरचा शॉट घ्यायचा, तो पडद्यावर रात्र म्हणून खपतो. भर उन्हात फिल्टर लावूनही रात्र करतात, फ्रेंच लोक त्याला अमेरिकन रात्र म्हणतात. त्रुफोच्या १९७३च्या सिनेमाचं नावच ते आहे. डायरेक्टरला निळी हवी होती. सहाच्या सुमारास सूर्य गेला. कॅमेरा खळ्यात, हडळ ओटीवर, केस मोकळे. घर पूर्ण काळं हवं होतं, आणि तेवढ्यात काकी बुधली घेऊन आल्या.

डायरेक्टर म्हणाला, काकी, आज वीस मिनिटं उशिरा लावा. काकी म्हणाल्या, तिनसांज उशिरा येणार आहे का? तो म्हणाला, फक्त आजच्या दिवस. त्या म्हणाल्या, "दिवो लावल्याशिवाय मी जावचंय नाय," आणि ओटीच्या पायरीवर बसल्या. फ्रेमच्या मधोमध. आभाळ आमच्या डोळ्यांदेखत काळं पडत होतं. लाईट दबक्या आवाजात मिनिटं मोजत होता. शेवटी हडळच म्हणाली, "लावू दे ना रे. दिवा असलेल्या घरात मी शिरले तर जास्त वाईट नाही का?"

दिवा लागला. फाकलेल्या दारातून एक पिवळा ठिपका, बाकी सगळं निळं. आठवड्यातला सर्वात चांगला शॉट तोच. डायरेक्टर आता सगळ्यांना सांगतोय की ही कल्पना त्याची.

नंतर मी काकींना विचारलं, आत येताना तुम्ही कोणाला सांगता? त्या म्हणाल्या, "घराक." बंद घरात हाक दिल्याशिवाय शिरू नये, आत जे काय असतं ते दचकतं. काय असतं? "सरप, इचू," काकी म्हणाल्या, "गेलेली माणसां." हे तिन्ही त्यांनी एकाच दमात, एकाच सुरात सांगितलं. सापापासून जपायचं तसंच त्यांच्यापासून, किंवा त्यांना तसंच जपायचं.

८ डिसेंबर, रविवार

सकाळपासून रक्त. परदेशात कॉर्न सिरप वापरतात. हिचकॉकने 'सायको'मध्ये चॉकलेट सिरप वापरलं, काळ्यापांढऱ्यात काय कळतंय. आम्ही साखरेचा पाक, लाल रंग आणि चमचाभर कॉफी असं मिश्रण करून आणलं होतं. रात्री बाटलीचं बूच सैल राहिलं. सकाळी बाळंतिणीच्या खोलीत लाल मुंग्यांची वरात, बाटलीपासून उंबऱ्यापर्यंत. काकींनी उपाय काढला: आगळ. कोकमाचं आगळ बघायला गडद लाल, हडळीला चाटायलाही आवडलं. दोन शॉट त्यावरच झाले. मग पांढऱ्या साडीवरचा डाग धुवायला हडळीने साबण लावला आणि रक्त निळं झालं. डोळ्यांसमोर, फेसासकट, निळंजांभळं. लिंबू पिळल्यावर पुन्हा लाल. प्रॉडक्शन बारावी सायन्सचा, तो खूश होऊन अर्धा तास तेच करत बसला. साडी प्रॉडक्शनच्या आईची आहे. निळं आता पुरतं जात नाही.

दुपारी माझं काम: मारण्याचे आवाज. 'सायको'च्या न्हाणीघरात सुरी खुपसल्याचा जो आवाज आहे तो खरबुजाचा. वेगवेगळी फळं टेबलावर भोसकून दाखवली आणि हिचकॉकने डोळे मिटून एक निवडलं, असं सांगतात. मी पडवीत शेवग्याच्या शेंगा घेतल्या (हाड), कच्ची पपई (मांस), ओलं फडकं (कातडी). शेंग माईकपासून चार बोटांवर मोडली तर खरंच मान मोडते, अंगावर काटा येतो. पपई मात्र फारच शाकाहारी वाटत होती. माळ्यावर कोहळा दिसला. सुरी उचलली तशा काकी न्हाणीच्या दारातून ओरडल्या, "गो चेडवा, ठेव तो!"

कोहळा देवाला देतात. कोंबडं-बकरं द्यायचं नसेल तिथे जिवाच्या जागी कोहळा कापतात. तो खेळात भोसकायचा नाही.

मी सुरी ठेवली. आमच्या धंद्यात कलिंगड म्हणजे डोकं आणि शेंग म्हणजे मान, हे मी दोन वर्षं शिकतेय. यांच्याकडे कोहळा म्हणजे जीव, हे त्याहून जुनं साऊंड डिझाइन आहे. पपईवर भागवलं. ओलं फडकं आत गुंडाळून भोसकली की बरी वाजते.

मग काकी तिथेच पडवीत बसल्या, फळीवर. ती फळी. म्हणाल्या, तुमची हडळ मेली कशाने?

डायरेक्टरला बोलावलं. तो म्हणाला, म्हणजे ती आहेच, आधीपासून. काकी म्हणाल्या, आधीपासून कोणी हडळ नसतं. बाई बाळंतपणात गेली तर होते. तुमच्या सिनेमात मूल कुठे आहे? नवरा कुठे आहे? तिला कोणी बघायला आलं नव्हतं का? डायरेक्टर वहीत बघत राहिला. वहीत लिहिलं होतं: हडळ, पांढरी साडी, उलटे पाय.

मला हे कधी सुचलंच नव्हतं. आपल्याकडची बाईभुतं एकेक आठवून बघा. अळवंतीण, हडळ. बहुतेकींच्या मागे बाळंतपण आहे. ही भुतांची यादी नाही, मृत्यूची नोंदवही आहे, आणि नोंद करणाऱ्यांनी कारणाच्या रकान्यात बाईलाच लिहून टाकलं. तीच झाली, तीच धरते, तिच्यापासूनच जपा. काकींनी सांगितलं, पूर्वी डॉक्टर जवळ नव्हता, अडलेल्या बाईला डोलीत घालून न्यायचे, पावसात तेही नाही. "ह्या घरात दोघी गेल्यो," त्या म्हणाल्या आणि हनुवटीने खोली दाखवली. आरसा, मस्कारा, मुंग्या आणि आगळाची बाटली असलेली ती खोली.

हडळ उठली आणि गुपचूप आरसा ओटीवर आणून लावला. कोणी काही बोललं नाही. उजेड जास्त, मेकअप तिथेच बरा होतो, हेही खरं.

८ डिसेंबर, रात्री / ९ पहाट

शेजारच्या गावात जत्रा, लाऊडस्पीकर थेट आमच्या विहिरीपर्यंत. रेकॉर्डिंगचा प्रश्नच नव्हता. जत्रेलाच गेलो, दशावतार बघायला.

मध्यरात्रीनंतर सुरू झालं ते उजाडेपर्यंत. हार्मोनियम, मृदंग, झांज. लिहिलेले संवाद नाहीत. आख्यान ठरलेलं, बाकी माणसं उभ्या उभ्या बोलतात. मी रंगमंचामागे गेले. एक राक्षस फुटक्या आरशात स्वतःच्या हाताने भुवया काढत होता. शेजारी बसलेली राणी विडी ओढत होती. दाढीची निळी छटा पावडरीखालून दिसत होती. राक्षसाला विचारलं, लोक घाबरतात का? तो म्हणाला, आता मुलं मोबाईल धरून उभी असतात, पण मागून आरोळी दिली की अजून पोरं आयशीच्या कुशीत जातात. तेच केलं त्याने. सगळ्यांची नजर पुढे असताना प्रेक्षकांच्या मागून, अंधारातून, आरोळी. मग लगेच दिसला नाही. आरोळी, थांबला, पुन्हा आरोळी, जवळून. माणसं बसल्या जागी सरकत वाट करून देत होती आणि तो अजून दिसलाच नव्हता.

डायरेक्टरचा सगळा भर दणक्यावर आहे. शांतता, शांतता, आणि मग धाडकन आवाज. मी त्याला म्हटलं होतं, ही भीती नाही, हे कानाखाली वाजवणं आहे, कोणीही दचकेल. आज राक्षसाने त्याला माझ्यापेक्षा चांगलं समजावलं. तो गप्प होता. दहीकाला घेऊन उजाडता परत आलो.

९ डिसेंबर, सोमवार

झोपेत शूटिंग. विहिरीत माईक सोडून कळशीचे आवाज घेतले, फार छान, तळातून कोणीतरी उसासा टाकल्यासारखे. रात्री साडेदहाला हडळ माडाखाली उभी, शॉटची तयारी चालू, आणि तिच्या हातभर अंतरावर वाळलेली झावळ पडली. ती ओरडली. आठवड्यातली एकमेव खरी किंकाळी. लेव्हल मी कुजबुजीसाठी चढवून ठेवली होती. किंकाळी पूर्ण फाटली, आलेखात वरपासून खालपर्यंत सपाट ठोकळा. नाटकी किंकाळ्या अकरा आहेत, सगळ्या व्यवस्थित मापात.

१० डिसेंबर, मंगळवार

आवराआवर. सकाळी डायरेक्टरला शुक्रवारचा तो पहिला टेक ऐकवला. ऐकवायला नको होता. त्याने हेडफोन काढलेच नाहीत, चारदा ऐकला. म्हणाला, हाच ट्रेलर. काळा पडदा, काही नाही, आणि ही हाक. मग नाव. बस.

त्याचं बरोबर आहे, हेच वाईट. चार शब्दांचं वाक्यही नाही ते, पण ऐकणाऱ्याला कळत नाही की बाई आली आहे की आतल्या कोणाला बोलावते आहे. आणि तो 'गो'. काकी म्हणतात घराला हाक देते. घराला कोणी 'गो' म्हणतं का? 'गो' बाईला म्हणतात. मी हे डायरेक्टरला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने त्याचीही जाहिरात केली असती.

विचारायचं मी ठरवलं. आवाज माझ्या खात्यात येतो. काकी तांदूळ निवडत होत्या. हेडफोन लावून दिले. रेकॉर्डरवरचं बटण बघून त्यांनी हे काय विचारलं. म्हटलं, माईकला अठ्ठेचाळीस व्होल्ट देतं, त्याला फँटम पॉवर म्हणतात, म्हणजे भुताची वीज. "खरा?" त्या हसल्या. आठवड्यात पहिल्यांदा. मग ऐकू लागल्या. आडणा, पावलं, हाक. नंतर दिव्याच्या खोलीतली शांतता. मी बंद करायला गेले तर हाताने थांबवलं आणि साठ सेकंद पूर्ण ऐकले. "कांडेचोर," त्या म्हणाल्या, "माळयार." कौलांवरचं ते खरवडणं, उदमांजर. मी चार दिवस त्याला लाकूड आकसतंय समजत होते.

हाक सिनेमात घालू का, विचारलं.

त्यांनी हेडफोन काढून, वायर नीट गुंडाळून माझ्या हातात दिले.

"ती हाक घराक आसा, लोकांक नाय."

पुढे काही बोलल्या नाहीत, मग परत तांदूळ. निघताना सहा जणांना सहा नारळ, आणि डायरेक्टरला वेगळं: "मोठ्या भावजींका सांग, चतुर्थीक चार दिवस आधी येवा. कौलां चाळूक व्हयी."

१७ डिसेंबर, मंगळवार, पुणे

एडिट. सर मागे एकदा बोलले होते ते करून बघितलं: कव्हेंट्रीच्या विक टँडी नावाच्या इंजिनिअरला प्रयोगशाळेत एकटं असताना अस्वस्थ वाटायचं, कडेला करडी आकृती दिसायची, शेवटी नव्या पंख्यातून सुमारे १९ हर्ट्झचा, कानाला न ऐकू येणारा कंप निघतोय असं त्याला सापडलं. १९९८ साली त्याने ते छापलं. मी १९ हर्ट्झचा सूर तयार करून ट्रेलरखाली टाकला. काहीही झालं नाही. होणार कसं, वर्गातले स्पीकर तेवढं खाली जात नाहीत आणि लोक ट्रेलर बघणार फोनवर. डायरेक्टर मात्र म्हणाला, काहीतरी जाणवतंय. मी तोवर ट्रॅक बंद केला होता.

हाकेवरून पुन्हा वाद. तो म्हणतो, दुसऱ्या कोणाकडून बोलून घेऊ. हडळीने तीन टेक दिले, ती मूळची नगरची. 'इलंय' तिच्या तोंडी 'आलंय'कडे झुकतं. चौथा टेक तिने स्वतःच दिला नाही. म्हणाली, मला माहीत नाही मी कोणाला हाक मारतेय.

मग मी हाकेच्या जागी माजघराचा रूम टोन घातला. काळा पडदा, चार सेकंद, काही नाही. लांबचा समुद्र, वर कांडेचोर. डायरेक्टरने हात कपाळाला लावला, पण पुसायला सांगितलं नाही.

२० डिसेंबर, शुक्रवार

दाखवला. सत्त्याण्णव सेकंद भरला, सात सेकंदांचे मार्क कापले. फळीच्या शॉटला टाळ्या. निळ्या घराला शांतता. काळ्या पडद्याला मागच्या बाकावरून कोणीतरी, "आवाज गेला का?" सरांनीही तेच विचारलं, ही जागा रिकामी का? म्हटलं, रिकामी नाही, ऐका. पुन्हा लावला. सर म्हणाले, पंखा बंद करा. पंखा बंद केला.

साऊंड लॉग सोबत जोडायचा आहे, तो इथेच उतरवून ठेवते.

०१४, ओटी, पावलं, दोन टेक, ठीक.
०१७, पोफळी, फळी, शेवटी 'आई', ठेवणे.
०२२, माजघर, रूम टोन, पहिला टेक, चाळिसाव्या सेकंदाला काकी. वापरायचा नाही. पुसायचा नाही.
०२३, माजघर, रूम टोन, दुसरा टेक, साठ सेकंद, कांडेचोर.
०५८, माड, किंकाळी, फाटली.